चौथा खण

तिन्ही वॉर्डांतल्या आणीबाणीच्या ट्रॉल्या एकसारख्या लावल्या नाहीत, तर हृदयाचा नवा मॉनिटर राजधानीतल्या, आपिआच्या इस्पितळाला जाणार होता. सिस्टर फेतुआओला तो इथेच, सवाई बेटावर हवा होता. शिवाय गेल्याच महिन्यात एक नर्स शेजारच्या वॉर्डात एका बाळंतिणीच्या मदतीला धावली, ऑक्सिजनच्या मास्कसाठी पहिला खण ओढला, तर हातात बँडेज आलं. बाळंतीण वाचली, पण सिस्टरची झोप उडाली.

तिने आपली ट्रॉली स्वतः लावली आणि नव्या नर्सला, सेपेलाला, बोलावलं.

"बाकीच्या दोन डिट्टो अश्शाच लाव. डोळे मिटून हात घातला तरी तीच वस्तू लागली पाहिजे. आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"नाही चालवणार, सिस्टर."

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. प्रार्थनेआधी खाणं शक्यच नव्हतं. सिस्टरने न्याहारीचे केके पुआआ, डुकराचं मांस भरलेले सहा गरम पाव, रिकाम्या चौथ्या खणात सरकवले आणि ती गेली. पाद्रीबाबा त्या दिवशी रंगात आले होते. 'आमेन' झालं तेव्हा तपासनीस लेओता दारात उभा होता.

त्याने तीन खण पाहून मान डोलावली. चौथा उघडताच वास दरवळला.

"हे कुठल्या आजारावर?"

"भुकेवर, साहेब," सिस्टरच्या तोंडून निघून गेलं. "घ्या ना एक."

पुढे केलेलं खाणं नाकारायचं कसं? लेओताने खाल्लं.

"चूक या एकाच ट्रॉलीत झालीय हं, साहेब."

दुसऱ्या वॉर्डात चौथ्या खणात सहा पाव होते.

"सेपेला! अगं, हे काय?"

"डिट्टो, सिस्टर. समोरच्या दुकानातून आणले. अजून गरम आहेत."

तिसऱ्या वॉर्डातही सहा. कागदाची घडीसुद्धा तशीच. सिस्टरच्या डोळ्यांपुढे मॉनिटर आपिआच्या बोटीत चढू लागला.

"बाई," लेओता म्हणाला, "इतक्या बेटांवर फिरलो, पण असा सारखेपणा नाही पाहिला. मॉनिटर तुमचाच. फक्त खाणं ट्रॉलीत नको, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा." मग तो थबकला. "थांबा. पहिल्या ट्रॉलीत आता पाचच उरलेत ना?"

"हो… एक तुम्हीच खाल्लात."

"मग असा फरक ठेवून मी सही कशी करू?" लेओताने गंभीर चेहऱ्याने खुर्ची ओढली. "सेपेला, दोन्हीकडचा एकेक पाव आण बघू."