वॉल्टरचं कलिंगड

वॉल्टर बूथच्या अंत्यविधीला वीस मिनिटं उरली असताना म्युरिएल थ्वेटच्या व्हेपचा, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटचा, दिवा दहादा लुकलुकला आणि विझला. चर्चच्या कचेरीचं काम तीच बघायची; आत्ता दार लावून ती तिथे एकटीच बसली होती. तिने गाल आत जाईपर्यंत दोनदा ओढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

बासष्टाव्या वर्षी असं चोरून ओढायची वेळ तिने स्वतःच स्वतःवर आणली होती. गेल्या वर्षी तिने सिगारेट सोडली तेव्हा स्केल्बी गावात केवढा गाजावाजा झाला! चर्चच्या मासिकात फोटो आला. रविवारच्या शाळेतल्या मुलांनी अभिनंदनाचं कार्ड केलं. पाद्रीबाई फिलिपांनी तर प्रवचनात तिचा दाखला दिला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी म्युरिएल बसने शेजारच्या गावी गेली आणि दुकानात ओळखीचं कोणी नाही असं पाहून कलिंगडाच्या स्वादाची व्हेप घेऊन आली. रस संपला की फेकून द्यायची. पण रसाच्या आधी बॅटरी संपते, म्हणून मधूनमधून चार्ज करायची. खोक्यात बारीक अक्षरांतला एक कागद होता. पुरावा नको म्हणून तो तिने न वाचताच बसथांब्यावरच्या कचरापेटीत टाकला होता.

घरी ती जुन्या फोनच्या बारक्या चार्जरवर लावायची. तो आज घरीच होता. आणि आज तिला सगळ्या गावापुढे उभं राहून बायबलमधला उतारा वाचायचा होता. दोन झुरक्यांशिवाय ते जमणार नव्हतं.

टेबलावर फिलिपांच्या लॅपटॉपचा चार्जर पडला होता. विटेएवढा. त्याची पिन व्हेपमध्ये खटकन बसली. म्युरिएलच्या लेखी पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली. दिवा कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिने व्हेप खुर्चीवर ठेवली, वर गायकवृंदाच्या झग्यांची चळत ठेवली आणि ती बाहेर पडली. मागच्या भिंतीवर पाटी होती : ‘येथे खाजगी उपकरणे चार्ज करू नयेत.’ अक्षर म्युरिएलचंच.

विधी रटाळ चालला होता. फिलिपांना गावात येऊन दीडच वर्ष झालं होतं. वॉल्टरला त्यांनी जेमतेम दोनदा पाहिलं होतं. त्यामुळे “आपले लाडके विल्फ्रेड” असं त्या एकदा म्हणाल्या, आणि चूक सुधारायला जाऊन पुन्हा विल्फ्रेडच म्हणाल्या. वॉल्टरने एकेचाळीस वर्षं गावाला भाजी आणि फळं विकली; पण पुढच्या बाकावर त्याची बायको एनिड सोडली तर बाकीचं गाव घड्याळाकडे बघत होतं. त्याचा मुलगासुद्धा.

म्युरिएल वाचायला उभी राहिली. दुसऱ्या ओळीला तिसऱ्या बाकावरून कुजबुज आली.

“अगं, कलिंगडाचा वास येतोय का गं?”

“येतोय! मला वाटलं मलाच येतोय.”

“एप्रिलच्या थंडीत कलिंगड? इथे?”

मग कोणीतरी हुंदका देऊन म्हणालं, “वॉल्टर आलाय!”

बस्स. बांध फुटला. आपल्या लहानपणी वॉल्टरने फुकट दिलेली सफरचंदं एकाला आठवली, आजारपणात दारात आणून ठेवलेली संत्री दुसऱ्याला. बाकामागून बाक रडू लागला. मुलाने घड्याळ बाहीखाली सारलं आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. फिलिपा दोन्ही हात पसरून म्हणाल्या, “वॉल्टर आपल्यात आहे!” या वेळी नाव बरोबर आलं.

एकट्या म्युरिएलला समोरून कचेरीच्या दाराखालची फट दिसत होती. फटीतून पांढरे लोट येत होते. उरलेला उतारा तिने एका श्वासात संपवला. ‘आमेन’ म्हणायला आणि धोक्याची घंटा किंचाळायला एकच गाठ पडली.

चर्चची व्यवस्था पाहणारे ओल्ड्रॉइडकाका गेली पंधरा वर्षं या घंटेची वाट बघत होते. “सगळे बाहेर! धावायचं नाही! मागे कोणीही राहता कामा नये!”

“आणि वॉल्टर?” शवपेटी वाहणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

काकांनी शवपेटीकडे पाहिलं. “कोणीही म्हणजे कोणीही!”

तेव्हा वॉल्टरही बाहेर निघाला, आणि भुरभुरत्या पावसात गावकऱ्यांबरोबर मोटारी लावायच्या जागेत थांबला.

म्युरिएल मात्र उलटी कचेरीत धावली. आधी तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. वरचे झगे बाजूला फेकले. सगळ्यात खालच्याला बशीएवढं काळं भोक पडलं होतं. त्याखाली व्हेप फुगून फुसफुसत होती आणि आपणहून वाफ सोडत होती. मेणबत्त्या विझवायच्या लांब दांडीने तिने ती वाळूच्या बादलीत ढकलली आणि वर आणखी वाळू लोटली. तेवढ्यात ओल्ड्रॉइडकाका खोकत आत आले.

“म्युरिएल! अगं, जिवाची काही पर्वा? काय पेटलं?”

खरं बोलायची तीच वेळ होती. पण म्युरिएलची जीभ आधी वळली. “हीटर,” ती म्हणाली. “तो जुना हीटर.”

बिचारा हीटर कोपऱ्यात थंडगार उभा होता. काकांनी त्याला उचलून बाहेर नेलं आणि सगळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात घातलं.

नंतरच्या चहाला म्युरिएलभोवती गर्दी झाली. तिने चर्च वाचवलं होतं! तिच्या बशीत कोणी सँडविच वाढलं, कोणी केक. प्रत्येक कौतुकागणिक तिची मान खाली जात होती, आणि लोक म्हणत होते, “बघा, किती नम्र आहे!” एनिडने तिचे दोन्ही हात धरून दाबले. म्युरिएलला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण चर्चच्या त्या जमिनीत आधीच बरेच जण पुरलेले होते.

शुक्रवारी फिलिपा म्हणाल्या, “म्युरिएल, या महिन्याच्या मासिकात पहिलंच पान वॉल्टरच्या सुगंधाचं. तुम्हीच टाइप करा. तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?”

म्युरिएलने मथळा टाइप केला, पुसला, पुन्हा केला. विधवेच्या दुःखावर आपण कलिंगडाचा वास शिंपडला, आणि आता ते छापायचंही आपणच. शनिवारी दुपारी तिने कोट चढवला आणि एनिडचं दार वाजवलं.

“ये, ये. जपून. पाय बघून टाक,” एनिड म्हणाली.

दारामागच्या बोळात कलिंगडं होती. जिन्याच्या पायऱ्यांवर कलिंगडं होती. स्वयंपाकघरात एका खुर्चीवर एक बसलं होतं.

“गुरुवारपासून लोक आणून ठेवतायत,” एनिड म्हणाली. “वॉल्टरच्या आठवणीसाठी. सुपरमार्केटात एक शिल्लक नाही म्हणे.”

म्युरिएलला रडूच फुटलं. व्हेप, चार्जर, झगे, हीटर, तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. “तो वास माझा होता एनिड, वॉल्टरचा नव्हता. मला क्षमा करू नकोस.”

“हे बघ राणी, माझी नात तेच ओढते,” एनिड किटली ठेवत म्हणाली. “पहिल्या झुळकेलाच ओळखलं मी. आणि एकेचाळीस वर्षांत वॉल्टरने दुकानात एक कलिंगड येऊ दिलं नाही. ‘पाणी विकायचं तर नळ काय वाईट,’ म्हणायचा.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? माझ्या माणसाला विल्फ्रेड म्हणत होते गं. पोटचा पोरगा घड्याळ बघत होता. तुझा वास आला आणि अख्खं चर्च त्याच्यासाठी रडलं. तू ते पान टाइप कर. छान लिही.”

“पण ते खोटं…”

“वॉल्टरच्या वासाचं खोटं माझ्या घरातलं आहे, माझं मी बघते. हीटरचं खोटं तुझं. उद्या ओल्ड्रॉइडला सांगायचं, झग्याचंही सांगायचं. वॉल्टरचं नाव काढायचं नाही. आणि ती जळकी वस्तू वाळूसकट डब्यात घालून बॅटऱ्या घेतात तिथे दे, कचऱ्यात टाकू नकोस.” मग तिने हात पुढे केला. “नवी घेतलीस ना? काढ.”

म्युरिएलने मान खाली घालून पर्समधून नवी व्हेप काढली. एनिडने फोनचा बारका चार्जर लावला आणि व्हेप चिनीमातीच्या मोकळ्या बशीत ठेवली.

“वर काही झाकायचं नाही. दिवा विझला की लगेच काढायची. तोवर इथून उठायचं नाही. तासभर लागेल.”

“तासभर मी करू काय?”

एनिडने मोठी सुरी काढली आणि खुर्चीवरचं कलिंगड उचलून टेबलावर घेतलं. “खा. मलाही ते आवडत नाही, आणि टाकवतही नाही.”

दोघी खायला बसल्या. म्युरिएल चौथ्या फोडीपर्यंत आली तेव्हा बशीतला दिवा अजून जळत होता, आणि बाहेर दाराशी काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला.