ओठ आणि आवाज

आमचे सदाअण्णा काहीही बोलण्याआधी एकदा टाळी वाजवायचे. चहा मागायचा असला तरी आधी टाळी, मग चहा. कोल्हापुरात शाळामास्तर म्हणून नोकरी लागल्यावर मंगळवार पेठेत मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी दारात उभं राहून त्यांनी टाळी वाजवली. मला वाटलं, आरती-बिरती असेल. मीही दोन वाजवल्या. ते म्हणाले, "एकच पुरं. नळाला पाणी आलंय."

अण्णांची हयात सिनेमाच्या स्टुडिओत साउंड घेण्यात गेली होती. चित्र एका यंत्रावर, आवाज दुसऱ्यावर. दोन्ही एका चालीनं पळायला हवीत, आणि दोघांची गाठ नीट बसावी म्हणून सुरुवातीला एक टाळी. "न्हायतर काय हुतंय मास्तर, बाई आधी रडती आन् हुंदका मागनं येतोय." कोल्हापुरातले स्टुडिओ एकेक करून थंडावले, अण्णा घरी बसले, पण टाळी काही घरी बसेना.

साऱ्या जगाचं सिंक, म्हणजे ओठांचा आणि आवाजाचा मेळ, गेलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. माझ्याकडे पाहुणा येऊन गेला की जिन्याखालून निकाल यायचा, "तोंड या म्हणत हुतं, डोळं जावा म्हणत हुतं. सिंक न्हाय." एका लग्नात 'सावधान'च्या आधीच अक्षता पडल्या, तर भरल्या मांडवात यांनी टाळी वाजवून भटजींना "पुन्यांदा घ्या" म्हणून फर्मावलं. भटजींनी घेतलंही.

दुपारी मात्र ते घर निराळंच असायचं. कौलांच्या फटीतून उन्हाच्या तिरिपा यायच्या, आणि मी माडीवर लवंडलो की खालून अण्णांचं बोलणं ऐकू यायचं. संथ, एकेक शब्द अलगद उचलून ठेवल्यासारखं. विषय कसला, तर मांजर व्याली, भेंडी जून निघाली. ऐकता ऐकता डोळा लागायचा, आणि स्वप्नातही कुणीतरी भेंडीबद्दलच बोलत असायचं. खाली त्यांच्या समोर, त्यांच्या ओठांवर नजर लावून, अण्णांच्या पत्नी इंदूकाकू बसलेल्या असायच्या.

काकूंचे कान पार गेले होते. अण्णांच्या प्रत्येक सिनेमाचा पहिला खेळ बघणाऱ्या काकूंनी थेटरात पाऊल टाकणं सोडलं होतं. "मानसं हसत्यात, आन् मी आपली भिताडागत बसती," असं म्हणायच्या. हे अण्णांना फार लागलं होतं.

अशात त्यांनीच साउंड घेतलेला एक जुना विनोदी चित्रपट दुपारच्या खेळाला लागला. अण्णांनी काकूंची मनधरणी सुरू केली. "एक डाव चल. न्हाय कळलं तर पुन्हा कधी म्हननार न्हाय." काकू कशाबशा तयार झाल्या. अण्णा मला म्हणाले, "मास्तर, तुमीबी चला. ही मधनंच उठली तर मला एकट्याला घरापतोर आनवनार न्हाय."

थेटरात पंखे घरघरत होते, उजेडाच्या झोतात विड्यांचा धूर तरंगत होता. चित्रपट सुरू झाला आणि माझ्यासारख्याच्याही ध्यानात आलं, की नटाचे ओठ मिटल्यावर त्याचा शब्द येतोय. फिल्म यंत्रात लावताना ऑपरेटरनं चित्राच्या आणि आवाजाच्या मधला तिचा वळसा मोठा ठेवला होता, म्हणून आवाज मागं पडत होता. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. अण्णांचा स्वतःचा साउंड, तोही काकूंच्या देखत! आता ऑपरेटरची काही धडगत नाही, असं मी धरून चाललो. अण्णा ताडकन उठलेच.

तेवढ्यात काकू हसल्या.

त्या पडद्यावरच्या ओठांकडे बघत होत्या. घरी रोज दुपारी अण्णांचे ओठ वाचून त्यांची नजर तयार झाली होती. शब्द आमच्या कानांवर यायच्या आत त्यांना कळत होता. थेटर हसायला लागेस्तोवर काकूंचं हसून झालेलं असायचं. पुढचे लोक माना वळवून बघायला लागले.

अण्णा उभेच. मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, खाली बसा की."

अण्णा बसले. "केबिनमध्ये जाऊन सांगून येऊ का?" मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "हिचं बराबर चाललंय."

अण्णांनी दोन्ही कानांत बोटं घातली, पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि पुढच्या विनोदाला ते दोघं साऱ्या थेटराच्या आधी हसले.