हाव की हाऊ?

"डू यू अ‍ॅग्री?" शिवमूर्ती सरांनी विचारलं.

"हाव," तनुजा म्हणाली.

सर खूश झाले. परीक्षेतल्या चर्चेच्या भागाचा सराव चालू असताना विद्यार्थिनी उलट "हाऊ?" असं विचारते म्हणजे काय! लातुरात गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे क्लास निघाले होते, पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी करून घेणारे सर एकटेच. भूकंपाच्या वेळी परदेशी पथकांबरोबर दुभाषा म्हणून फिरल्यापासून त्यांचं इंग्रजी एकदा सुरू झालं की थांबत नसे. ते समजावत राहिले, तनुजा "हाव, हाव" करत राहिली आणि सर आणखीच खुलत गेले.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा सरांनी विचारलं, "पंखा बंद करू का?"

"हाव."

"हाऊ काय त्यात? बटण दाबून!" सर म्हणाले, आणि त्यांचा चेहराच उतरला. तनुजाचं माहेर किनवटचं होतं. तिकडे 'हाव' म्हणजे 'हो'. आपली विद्यार्थिनी इतके दिवस प्रश्न विचारत नव्हती, नुसती मान डोलावत होती, हे त्यांना तेव्हा कुठे कळलं.

तनुजा खासगी दवाखान्यात नर्स होती आणि परदेशातली नोकरी या परीक्षेवर अडली होती. "एकदाच बसायचं. न्हाई जमलं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा न्हाई," असं सासूबाई विठाबाईंनी बजावलं होतं. म्हणजे संधी एकच, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

"तो शब्द विसरा. फक्त येस म्हणा," सरांनी फर्मान काढलं.

अंमलबजावणी विठाबाईंनी अंगावर घेतली. तनुजाच्या तोंडून 'हा' निघाला, की त्या जोरात खाकरायच्या. डबा द्यायच्या निमित्ताने दवाखान्यात येऊनही खाकरू लागल्या. एका पेशंटने घाबरत विचारलं, "सिस्टर, सुई दुखंल का?" दारातून खाकरणं ऐकू आलं आणि तनुजा दचकून ओरडली, "येस!" पेशंट कॉटवरून उठून गेला तो परत आलाच नाही.

परीक्षा हैदराबादला होती. विठाबाई तिथेही गेल्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत सुरुवातीचे भाग नीट पार पडले. मग चर्चा सुरू झाली. गोऱ्या परीक्षकाने विचारलं, घरात वडीलधारं माणूस असलं तर सुनेला मदत होते का?

"येस," तनुजा म्हणाली. अगदी स्वच्छ.

परीक्षक थांबला. तनुजाही थांबली. पुढे काय बोलायचं याची तयारी कुणी केलीच नव्हती. सगळे दिवस एका शब्दात गेले होते आणि बाकीचं सरच बोलले होते.

परीक्षक पुढे वाकला. "हाऊ?"

तनुजाला वाटलं, हा तर "हाव" म्हणतोय! परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं तिला झालं. भडभडून आलं, आणि ती सुटलीच. भाजीतल्या मिठापासून दवाखान्यातल्या खाकरण्यापर्यंत सासूची सगळी मदत तिने माहेरी गाऱ्हाणं सांगावं तशी इंग्रजीत सांगितली. मध्येच परीक्षक "हाऊ?" म्हणाला, की तिला आणखी जोर चढे. वेळ संपली तेव्हा ती त्याच सासूच्या हैदराबाद प्रवासावर आली होती.

निकाल लागला. चर्चेच्या जोरावर तनुजा उत्तम गुणांनी पास झाली. मग काय, क्लासवर बॅनर लागला आणि सत्कार ठरला. शाल-श्रीफळ झालं. विठाबाई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून, डोळे पुसत बसल्या होत्या.

"मॅडम, चर्चेत नेमकं काय बोललात ते या मुलांना सांगा," सर माईक तिच्या हातात देत म्हणाले. "आणि मराठीत सांगा, म्हणजे तुमच्या सासूबाईंनाही कळेल."

तनुजाने पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि ती माईक सरांना परत करू लागली.

"सांग की माय, लाजायलीस कशाला?" विठाबाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "समदं सांग. एक शब्द गाळू नकोस."