सुलूआत्याचा आग्रह, दर पाच मिनिटांनी

मुलांनो, डोळे मिटा आणि तुपात बुडालेला गरमागरम बाफला, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, समोर आणा. आला? आता असे आठ तुमच्या पोटात आहेत असं समजा. माधव नगरात भय्यासाहेबांचं अगदी तसंच झालं!

ते देवासहून मुलासाठी सुलूला पाहायला आले होते. "जेवताना कुणी आग्रहच केला नाही," म्हणत आधीचे पाहुणे पुन्हा फिरकलेच नव्हते. सुलू अबोल, आणि तिचा भाऊ सुहास पाहुण्यांपेक्षा जास्त लाजणारा!

"आग्रह माझ्यावर सोडा!" सुहासची मुलगी मुक्ता म्हणाली. "कोडिंग उगाच शिकले का?"

तिने आत्याचा आवाज रेकॉर्ड केला, पडद्यामागे स्पीकर ठेवला आणि प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी तो आवाज वाजवायचा, बस! तिने 'सुरू' दाबलं. शांतता. मिनिटभराने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. पहिला आवाज पाच मिनिटांनंतर येणार हे ती विसरली, आणि दर वेळी एक नवं घड्याळ सुरू झालं हे तिला कळलंच नाही.

"भय्यासाहेब, अजून एक घ्या ना!"

"आग्रह मोडायचा नाही, ही आमची रीत," म्हणत भय्यासाहेबांनी बाफला घेतला. मिनिटभरात पुन्हा हाक. मग पुन्हा! सुहास वाढतच राहिला.

सहाव्या हाकेला भय्यासाहेब कळवळले, "सुहासराव, जान लोगे क्या?"

"मी कुठे? सुलूच म्हणतेय!" सुहासने घाम पुसला.

मुक्ताने धावत जाऊन 'बंद' दाबलं. एक घड्याळ थांबलं. दोन चालूच!

सुलू पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओठ घट्ट मिटलेले. आणि पडद्यामागून तिचाच आवाज, "अजून एक घ्या ना!"

तांब्या खाली पडला. मुक्ता स्पीकर घेऊन पुढे आली. "हे मी केलं. आत्याला नाही म्हणू नका."

भय्यासाहेबांनी सुलूकडे पाहिलं. "बेटा, तूच सांग. घेऊ अजून एक?"

"नका घेऊ," सुलू हळूच म्हणाली. "त्रास होईल तुम्हाला."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला थांबवलं! मुलगी पसंत है!"

तेवढ्यात मुक्ताच्या हातातला स्पीकर बोलला, "भय्यासाहेब, अजून एक घ्या ना!" आणि सवयीने सुहासने वाढलासुद्धा!

भय्यासाहेबांचा चेहरा पडला. मुक्ताने स्पीकर खाली ठेवला, त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं, मांडी घातली आणि मुकाट्याने पहिला घास मोडला.