वेताळमामांची उचकी

"मामांना उपाशी ठेवू नका," चपला पायात सरकवत शालिनीबाई म्हणाल्या. "कढईतला पहिला घास त्यांचा. वर गुळाचा खडा. विसरू नका."

"नाही गं विसरत."

"विसरत नाही तुम्ही. मुद्दाम टाळता. म्हणून बजावतेय."

भाचीचे डोहाळजेवण डभोईला होते. शालिनीबाई रिक्षात बसून बसस्टँडकडे गेल्या आणि फतेगंजच्या त्या फ्लॅटमध्ये गोविंदराव साळुंखे एका दिवसापुरते स्वतंत्र झाले. रिक्षा वळणाआड गेल्याची खात्री करून त्यांनी हात चोळले.

मामा म्हणजे घरचा आग्यावेताळ. ज्या बडोद्याची ही गोष्ट आहे, तिथे जुनी मराठी माणसे गॅस घेत नाहीत. त्यांच्या शेगडीत वेताळ असतो. मुठीएवढा, निळसर, डोक्यावर ज्वाळेची पगडी. पूर्वी हे वेताळ संस्थानच्या पलटणीत भाकऱ्या भाजायचे. पलटण मोडली तेव्हा ते शिपायांच्या घरोघर राहायला गेले. शालिनीबाईंच्या माहेरचा वेताळ त्यांच्या रुखवतात आला होता, अनारशांची ताटे आणि भरतकामाचे रुमाल यांच्या मधोमध शेगडीत ऐटीत बसून. त्या त्याला मामा म्हणत, म्हणून गोविंदरावांनाही 'मामा' म्हणावे आणि 'अहो-जाहो' करावे लागे. शालिनीबाईंचे आईवडील गेले, माहेरचे घरही गेले. माहेरचे म्हणून त्यांच्याकडे आता एवढेच माणूस उरले होते. माणूस म्हणजे, जे काय असेल ते.

वेताळांचा कायदा साधा आहे. ज्याच्या हातचा गूळ खाल्ला त्याच्या घरचा तो झाला, आणि शेवटचा गूळ ज्याचा, तोच खरा. त्यामुळे मामांना परक्याच्या गुळापासून जपावे लागे.

आता गुळाचे म्हणाल, तर गोविंदरावांचे खरे दुःख तिथेच होते. ते मूळचे कराडकडचे. नोकरीसाठी आले, कोयलीच्या रिफायनरीत अग्निशमन विभागात निवृत्तीपर्यंत राहिले, पण जिभेने कराड सोडले नाही. आणि घरात आमटीत गूळ, वांग्यात गूळ, ठेच्यातसुद्धा चिमूटभर साखर. बायकोच्या माहेरची रीत म्हणून त्यांनी ती मुकाट गिळली. पण आज रान मोकळे होते. सकाळी फिरताना समोरच्या इमारतीतल्या प्रतापसिंहराव घोरपड्यांना ते सांगूनच आले होते, "संध्याकाळी या. चीज भरलेली मिरची खिलवतो. गुळाचा कण असला तर नाव बदलीन."

भाजीवाला म्हणाला, "काका, एकदम मोळां छे, तिखट नथी." गोविंदरावांनी खात्रीसाठी एका मिरचीचे टोक चावून पाहिले. टोक बिचारे गरीब निघाले. मिरचीचा खरा स्वभाव देठापाशी कळतो, हे तिखट खाणाऱ्या माणसाला माहीत असायला हवे होते. घरी येऊन त्यांनी मिरच्यांना चिरा दिल्या, बिया मर्दासारख्या आतच ठेवल्या, किसलेल्या चीजमध्ये लसूण, जिरे आणि वर आणखी लाल तिखट घालून ते ठासून भरले आणि ओव्याच्या बेसनात बुडवून तेलात सोडले.

"जावईबापू," शेगडीतून मामांनी विचारले, "गूळ क्यां छे?"

"आज गूळ नाही, मामा. आज अस्सल."

"बरं. तुमचं घर, तुमची रीत," मामा म्हणाले आणि त्यांनी पहिली मिरची देठासकट तोंडात टाकली.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग मामा निळ्याचे जांभळे झाले, जांभळ्याचे हिरवे झाले. पगडी सरळ उभी राहिली. आणि त्यांना उचकी लागली.

पहिल्या उचकीला ज्वाळा पंख्यापर्यंत गेली. दुसरीला पंखा गेला. गोविंदरावांचा हात सवयीने भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे गेला. साध्या आगीवर त्यांनी आयुष्यभर डोळे मिटून फेस मारला होता. पण बायकोच्या मामांवर फेस मारायचा कसा? ते विझलेच तर? हात तसाच हवेत राहिला आणि तिसऱ्या उचकीसरशी मामा खिडकीतून बाहेर उडाले.

गोविंदराव हातात झारा घेऊन जिना उतरले. वेताळ एका विस्तवातून दुसऱ्या विस्तवात उडी मारतो, एवढे त्यांना ठाऊक होते. गेटपाशी इस्त्रीवाला कोळशाच्या इस्त्रीपासून चार हात लांब उभा राहून ओरडत होता.

"काका! मारी इस्तरी कूदे छे!"

इस्त्री खरेच टुणटुण उड्या मारत होती. प्रत्येक उडीबरोबर खालच्या सदऱ्याला एक भोक पडत होते. सदरा प्रतापसिंहरावांचा होता. गोविंदरावांनी झाकण उघडायला झारा पुढे केला, एवढ्यात आतून "हिक्!" झाले आणि ठिणग्यांचा एक गोळा रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या घोरपड्यांच्या स्वयंपाकघरात शिरला.

 जायचे होते तर कुठेही जावे, पण घोरपड्यांकडे? त्यांच्या घरचा वेताळ इतका म्हातारा झाला होता की पोळी एकाच बाजूने भाजायचा आणि मध्येच झोपायचा. मामांवर त्यांचा कधीपासून डोळा होता. डोहाळजेवणाहून आलेल्या बायकोला "तुझे मामा आता समोर राहतात" हे सांगण्याच्या कल्पनेनेच गोविंदरावांचे पाय आपोआप पळू लागले.

ते पोचले तेव्हा मामा घोरपड्यांच्या शेगडीत उचक्या देत होते आणि प्रतापसिंहरावांच्या पत्नी येसूबाई हातात गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा धरून उभ्या होत्या.

"थांबा, वहिनी!"

"अहो भावजी, तिखट लागलंय त्यांना. गुळानं उतरेल."

"उतरेल, पण मग ते तुमचे होतील ना!"

"आता त्याला आम्ही काय करणार?" प्रतापसिंहराव अतिशय दुःखी चेहरा करून म्हणाले. चेहऱ्यातून आनंद गळत होता. "जीव महत्त्वाचा, गोविंदराव. तुम्ही तुमचा गूळ आणलाय का?"

गोविंदरावांच्या हातात झारा होता. "आत्ता आणतो," म्हणून ते वळले, तोच मामांनी अशी उचकी दिली की पडद्याची किनार पेटली. येसूबाईंनी ती पाणी मारून विझवली आणि गूळ पुढे केला.

"नका देऊ, वहिनी! तिच्या माहेरचं एवढंच राहिलंय हो," गोविंदराव म्हणाले, आणि आवाज असा फुटला की त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

येसूबाईंचा हात थांबला. बाईमाणूस शेवटी. "मग दुसरा उपाय करा," त्या म्हणाल्या. "उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय. नाव बरोबर घेतलं की थांबते. घ्या नावं भराभर."

गोविंदरावांनी डभोईच्या भाचीचे नाव घेतले. हिक्. शालिनीबाईंच्या कैलासवासी आईचे घेतले. हिक्. मामा स्वतःच उचक्यांच्या मधून पलटणीतल्या जुन्या हवालदारांची नावे सांगू लागले. गोविंदराव ती घेऊ लागले. एकालाही मामांची आठवण येत नव्हती असे दिसले.

"अहो, डभोईला गेलेल्या वहिनीच काढत असतील आठवण," प्रतापसिंहराव न राहवून बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"हो की! शालि..."

"जावईबापू!" मामा कडाडले. "माझ्यादेखत बायकोचं नाव असं उघडंबोडकं? हिक्! आमच्यात चालत नाही. उखाण्यात घ्या!"

"मामा, घर पेटेल!"

"पेटू दे. हिक्! रीत म्हणजे रीत."

गोविंदरावांनी लग्नातसुद्धा उखाणा घेतला नव्हता. तेव्हा ते घाबरून खोकले होते आणि भटजींनी वेळ मारून नेली होती. त्यांनी घाम पुसला, झारा पाठीमागे लपवला आणि डोळे मिटले.

"मिरचीच्या पोटात... चीज भरलं ताजं... शालिनीचं नाव घेतो... वाचवा घर माझं!"

उचकी थांबली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. मामा पुन्हा निळे झाले, पगडी बसली. येसूबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रतापसिंहरावांनी खिन्न मनाने गुळाचा खडा बायकोच्या हातातून घेऊन स्वतःच खाल्ला. गोविंदराव तिथल्याच पाटावर मटकन बसले. इतके हलके त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटले नव्हते.

"घाबरलात कशाला, जावईबापू?" मामा म्हणाले. "मी थोडाच खाणार होतो तो गूळ."

"म्हणजे?"

"मला गूळ आवडत नाही. कधीच आवडला नाही. रुखवतात निघालो तेव्हा शालूच्या आईनं सांगितलं होतं, सासरी जे मिळेल ते मुकाट्यानं खायचं. म्हणून खात आलो. मिरची तेवढी फक्कड होती. उरल्यात का?"

गोविंदरावांनी मामांना निरांजनात बसवून, वर हाताचा आडोसा धरून घरी आणले. उरलेल्या मिरच्या तळल्या. या खेपेला देठ काढून. सदऱ्याची भोके मोजत प्रतापसिंहराव आले, चार खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढले आणि सदऱ्याचा विषय विसरून गेले.

दिवेलागणीला शालिनीबाई परतल्या. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी वाकड्या पंख्याकडे बघितले, मग शेगडीकडे.

"खाली इस्त्रीवाल्यानं सांगितलं सगळं," त्या म्हणाल्या. "तरीच बसमध्ये मामांच्या आठवणीनं जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. मामा, बरे आहात ना?"

"मजामां," मामा म्हणाले. पाठोपाठ त्यांनी गुळाचे सगळे खरे सांगून टाकले. गोविंदरावांनाही धीर आला. "मीसुद्धा, तुझ्या माहेरची रीत म्हणून इतकी वर्षं..." असे म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि ते बोलणी खाण्याच्या तयारीने उभे राहिले.

शालिनीबाईंनी ताटातली एक मिरची उचलली. खाल्ली. नाकाचा शेंडा लाल झाला. पदराने डोळे पुसत त्यांनी दुसरी उचलली.

"माझ्या माहेरी स्वयंपाकात कुठे होता गूळ?" त्या म्हणाल्या. "आम्ही पलटणीतली माणसं, मिरचीवर वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच दिवशी माझ्या हातून आमटीत चुकून गूळ जास्त पडला. मी मेले भीतीनं. आणि तुम्ही वाटी चाटूनपुसून खाल्लीत नि म्हणालात, 'वा! अशीच करत जा.'"

गोविंदरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. मग त्यांनी त्यात एक मिरची घातली आणि ते मिटले.