तपकिरी बटूवरचं पाणी

एका जंगलात दोन तळी होती, बाळांनो, आणि वर आभाळात होता एक न पेटलेला तारा. तारा व्हायला निघाला, पण अंगात पुरेसा भार नव्हता, म्हणून नुसता कोमट राहिला. त्याला तपकिरी बटू म्हणत. साध्या डोळ्यांना तो दिसायचाच नाही.

जवळच्या तळ्याकाठी टिटवीची चार अंडी होती. पहिलीच खेप. ऊन तापलं की ती पाण्यात पोट भिजवून यायची आणि अंडी गार करायची. तेवढ्या वेळात कुणी पाय दिला तर, या धास्तीनं तिला घास जात नसे.

सिंहाला ते तळं बुजवून दरबार बांधायचा होता. पण मग पाण्याचं काय?

घुबडपंडित म्हणाले, "महाराज, बटूवर पाणी निघालं तर खालचं हवंय कशाला?"

झालं. चापडा सापाला बोलावलं. त्याला गालावरच्या खळग्यांनी ऊब दिसते. त्याच्यापुढे, बटूच्या दिशेनं, सैंधवाचा तासलेला खडा ठेवला. खड्यातून ऊब गेली की इंद्रधनुष्यासारखे तिचे पट्टे पडतात. वाटेत जो वायू असेल तो त्या पट्ट्यांतला आपला ठरलेला घास खातो. कुठला घास गायब आहे ते बघायचं, की कळतं कोण जेवून गेलं.

आता या जंगलाची रीत अशी, की मोठं काम एकट्याला करू द्यायचं नाही. सगळ्यांनी घोळका करून वाकायचं. बारा म्हशी रवंथ करत, ढेकर देत खड्याला चिकटून उभ्या राहिल्या.

"काय दिसतंय रे?" सिंहानं विचारलं.

"वाफ," चापडा म्हणाला. "आणि गोबरगॅसमध्ये असतो तो वायू. भरपूर."

"सापडलं पाणी!" सिंह गरजला. "बुजवा तळं!"

टिटवी धावत आली. "अहो पंडितकाका, ही वाफ म्हशींच्या तोंडची असेल, नि वायू त्यांच्या ढेकरांचा! बटूच्या शेजारचं रिकामं आभाळ बघा की. तिथंही हेच दिसलं, तर चूक आपली."

"अंड्यांवरनं उठून आली शास्त्र शिकवायला!" एक म्हैस फिसकारली.

पण चापड्याला पटलं. त्यानं खड्यासकट मान वळवली. रिकाम्या आभाळातही वाफ. वायूही तेवढाच.

"बघा!" टिटवीला हायसं वाटलं.

घुबडाचे डोळे आणखी मोठे झाले. "महाराज, अभिनंदन! पाणी नुसतं बटूवर नाही, आभाळभर आहे!"

"मग ते लांबचं तळं तरी कशाला ठेवलंय?" सिंह म्हणाला. "तिथं पाहुण्यांची सोय करू."

आठवड्यात दोन्ही तळी बुजली. म्हशी आभाळाकडे तोंड वासून उभ्या राहिल्या. टिटवी कोरड्या पोटानं, पंख पसरून अंड्यांवर सावली धरून होती.

"काका, अंडी तापलीत हो. पाणी कुठंय?"

"अगं, तूच तर शोधून दिलंस," घुबड म्हणाले. "वर बघ."

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांची चूक कधी दाखवू नये. एक तळं जातंय तर मुकाट जाऊ द्यावं. पोट भिजवायला दुसरं तरी उरतं.