चिलखत काढण्याचा ठराव

लून पॉइंटच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबात, यंदा बर्फच धरला नाही. बाहेर तळ्यावर ट्रक चालवता येईल इतका जाड थर होता, पण तो खडबडीत, खेळायच्या कामाचा नाही; आणि क्लबच्या शेडमधल्या फरशीला तडा गेला, खालचे गारव्याचे नळ फुटले आणि जिथे दगड सरकवायचे तिथे बदकं सोडावीत असं पाणी साचलं. संघाची कप्तान सिग्रून थोरवाल्डसन हिने त्या पाण्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटात एक तांब्याची किटली होती.

लून पॉइंट आणि विलो क्रीक या दोन गावांचा दर फेब्रुवारीत सामना व्हायचा आणि जिंकेल त्याच्याकडे ती किटली वर्षभर राहायची. खरं तर ती सिग्रूनच्या आईची. गुडरूनबाईंनी चाळीस हिवाळे त्या किटलीतून खेळाडूंना कॉफी पाजली. त्या गेल्यावर किटली सिग्रूनला हवी होती आणि तिचा धाकटा भाऊ स्तेफान यालाही हवी होती. स्तेफान लग्नानंतर विलो क्रीकला राहायला गेला होता आणि तिथल्या संघाचा कप्तान झाला होता. मग घरात भांडण नको म्हणून दोघांनी किटलीचं बक्षीस करून टाकलं. तेव्हापासून भांडण दर वर्षी ठरल्या तारखेला होऊ लागलं.

गेली सहा वर्षं किटली सिग्रूनकडे होती. पण नियमात लिहिलं होतं, की ज्या गावाची पाळी त्याला बर्फ देता आला नाही तर किटली पाहुण्यांची. स्तेफानने फोन करून फरशीची चौकशी अगदी आपुलकीने केली आणि किटली गुंडाळायला मऊ टॉवेल आणू का, असंही विचारलं. सिग्रून म्हणाली, दुसरा कुठलाही खेळ सांग, खेळते.

स्तेफानने आठवडाभर विचार केला आणि एक डबी पाठवली. त्यात त्याच्या सुनेचा टीव्हीवरचा खेळ होता. तलवारी, राक्षस, पडके किल्ले. चांगली तरणी मुलंही या खेळापायी हातातलं यंत्र भिंतीवर फेकतात, अशी त्याची ख्याती. सुरुवातीलाच एक पूल लागतो, पुलावर लोखंडी सरदार उभा असतो. सामन्याच्या रविवारी दुपारी बाराच्या आत जो संघ सरदाराला आधी मारेल त्याची किटली. कुणीच मारला नाही तर मूळ नियम लागू, म्हणजे किटली स्तेफानची.

खेळ चालवायचं यंत्र क्लबात होतंच. लिलियनला ते नाताळच्या सोडतीत लागलं होतं. तिचा डोळा खरं तर सोडतीतल्या दुसऱ्या बक्षिसावर, डुकराच्या हॅमवर होता. लिलियनने पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले होते आणि आता ती क्लबची चिटणीस होती. संघातले बाकी दोघे म्हणजे शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर ओरेस्ट आणि जन्मभर तळ्यात जाळी टाकलेला बोर्गार. चौघांचं मिळून वय दोनशे ऐंशीच्या पुढे.

पहिला दिवस नायकाचं नाव ठेवण्यात गेला. क्लबचंच नाव द्यावं असा ठराव एकमताने पास झाला, पण चौकटीत तेवढी अक्षरं मावेनात. त्यामुळे नायक ‘लून पॉइंट कर्’ या नावाने जगात आला आणि पहिल्याच वळणावर एका उंदराने त्याला मारलं.

कर्लिंगमध्ये प्रत्येक जण दोन दगड टाकतो आणि बाजूला होतो. त्याच शिस्तीने इथे प्रत्येकाला दोन मरणं मिळू लागली. दोनदा मेलं की यंत्र पुढच्याच्या हातात. बाकीचे तिघे, दगडापुढचा बर्फ झाडूने झाडताना ओरडतात तसे, मागून ओरडायचे, त्यामुळे मरणं लवकर येत.

तरी हळूहळू हात बसला. ओरेस्ट शिकला की शत्रूने तलवार उचलली रे उचलली की घाबरून लोळण घ्यायची नसते, ती खाली येईपर्यंत थांबायचं. “पोरं बसमध्ये बोळा फेकतात ना, तसंच आहे,” तो म्हणाला. “हात कुठे जातो ते आरशात बघायचं.” लिलियन शिकली की दोन घाव घालून मागे सरायचं, तिसऱ्याचा मोह धरायचा नाही. सिग्रून ढाल धरायला शिकली. बोर्गार मात्र काहीच शिकला नाही. तो फक्त वाटेत दिसेल ते उचलायचा.

शत्रू मेला की निखारे मिळत. शेकोटीपाशी बसून निखारे दिले की नायकाचा एक गुण एका पायरीने वाढायचा. मरण आलं की सगळे निखारे तिथेच सांडायचे, आणि ते वेचायच्या आत पुन्हा मेलं तर कायमचे गेले. स्तेफानची सून म्हणे विलो क्रीकवाल्यांना रोज बजावायची, की एकच गुण धरा आणि तोच वाढवा. हे सिग्रूनलाही पटत होतं. पण चौघांच्या कार्यकारिणीत प्रश्न आला, कुठला एकच?

सिग्रूनला ताकद हवी होती. ओरेस्टला दम हवा होता, कारण लांबच्या रस्त्याला दमच लागतो. लिलियनला श्रद्धा, कारण श्रद्धा वाढली की जखमा बऱ्या करायचा मंत्र मिळतो आणि शिवाय ते बरं दिसतं. बोर्गारला ओझं वाहण्याची क्षमता हवी होती. “माल टाकून यायचा असेल तर जायचंच कशाला?” तो म्हणायचा. मतदानात चौघांना एकेक मत पडायचं. शेवटी पाळी लावली. दर शेकोटीला ठराव, अनुमोदन, मत आणि लिलियनची वहीत नोंद. त्यामुळे नायक सगळ्याच गोष्टींत थोडा थोडा बरा आणि कशातच चांगला नाही असा तयार झाला. लिलियन म्हणाली, थेट आपल्या सरपंचांसारखा.

शनिवारी घोटाळा वाढला. बोर्गारने किल्ल्याच्या तळघरातून एक आख्खं लोखंडी चिलखत उचललं आणि आपल्या पाळीत नायकाला चढवूनही टाकलं. आता नायकाला लोळण घेता येईना. बटण दाबलं की तो फ्रिज कलंडावा तसा कलंडायचा. सिग्रून म्हणाली, काढ ते. बोर्गार म्हणाला, ठराव कुठाय? ठराव मांडायला चौघांचा कोरम हवा होता आणि ओरेस्ट गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला होता.

रविवारी सकाळी साडेअकराला ‘लून पॉइंट कर्’ पुलावर उभा होता, चिलखतासकट. यंत्र ओरेस्टच्या हातात, आणि दोन मरणांपैकी त्याचं एकच उरलेलं. सिग्रूनने कपाटाकडे पाहिलं. किटलीची तोटी नेमकी दाराकडे वळलेली होती.

“मी ठराव मांडते,” ती म्हणाली, “की निदान पायातले लोखंडी बूट काढावेत.”

“विरोध,” बोर्गार म्हणाला. “पुलावर थंडी असते.”

“त्याला थंडी वाजत नाही, बोर्गार. तो चित्र आहे.”

“मग त्याला बूट जड कसे होतात?”

लिलियनने वही उघडली आणि सूचक कोण, अनुमोदक कोण, विचारलं. ओरेस्ट म्हणाला की त्याला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, आणि तो खुर्ची वळवून बोर्गारकडे तोंड करून बसला. या खेळाला मधेच थांबणं ठाऊक नाही, हे गडबडीत सगळेच विसरले. पण ओरेस्टचा अंगठा सवयीने ढालीच्या बटणावर घट्ट होता, ब्रेकवर पाय असावा तसा.

टीव्हीकडे एकट्या सिग्रूनचं लक्ष होतं. सरदार धावत आला, ढालीवर आपटला. नायक हलला नाही. चिलखताचं वजनच तेवढं होतं आणि ओरेस्टने वाढवून घेतलेला दमही पुरला. सरदार पुन्हा आला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा त्याने उंच उडी घेतली, ढालीवरून घसरला आणि पुलाच्या उजव्या कडेवरून सरळ खाली दरीत गेला.

तुतारी वाजली. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. तिघांनी माना वळवल्या.

“मारला की काय?” ओरेस्ट आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. बोर्गारने ओरेस्टला मिठी मारली, लिलियनने डब्यातला मनुक्यांच्या थरांचा केक काढला आणि तीन बोटं जाडीचे तुकडे कापले. अकरा पंचेचाळीस झाले होते. सिग्रूनने केक घेतला पण खाल्ला नाही. गावच्या कर्लिंगला पंच नसतो. सरकत्या दगडाला झाडू लागला, तर ज्याचा लागला त्यानेच हात वर करायचा, कुणी पाहिलं असो की नसो. तिची आई किटली घेऊन काठावर उभी असायची, आणि हात वर करणाऱ्याला कॉफी आधी मिळायची.

“आपण त्याला मारला नाही,” सिग्रून म्हणाली. “तो आपणहून पडला. आपण सभा घेत होतो.”

मग बोर्गारने विचारलं, की यावर मत घेता येईल का.

“नाही,” लिलियन म्हणाली आणि तिने वही मिटली.

सिग्रूनने फोन लावला. स्तेफानने हॅलोच्या आधी टॉवेल धुऊन ठेवल्याचं सांगितलं. तिने त्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि म्हणाली, “म्हणजे बाराच्या आत कुणीच मारला नाही. ये आणि किटली घेऊन जा.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“ताई, कुठल्या बाजूने पडला?”

“उजव्या.”

“आमचाही उजव्याच.”

“कधी?”

“गुरुवारी.”

“आणि तू बोलला नाहीस?”

“काय बोलणार? मारला नव्हता ना आम्ही. आणि गप्प बसलो तरी किटली मलाच मिळणार होती.” मग तो म्हणाला, “तू पण गप्प बसली असतीस तर मला एवढी लाज वाटली नसती.”

“तो पडला तेव्हा तुम्ही काय करत होता?”

स्तेफान घुटमळला. “बैठक चालू होती.”

“कशावर?”

“चिलखत काढायचं की ठेवायचं.”

सिग्रून हसली नाही, पण तिने तोंडावर हात ठेवला. स्तेफान म्हणाला, अशी किटली त्याला नको आणि तिलाही ती तशी पचणार नाही, तेव्हा ते चौघे लगेच निघतात. पहिल्यापासून नवा नायक करायचा, आठ जणांचा मिळून, आणि किटली तोवर टेबलावर ठेवायची.

तासाभरात विलो क्रीकवाले बूट झटकत आत आले. कपाटातून किटली काढली तर आत सहा वर्षांची धूळ होती. लिलियनने ती तीनदा विसळली आणि कॉफी केली. सिग्रून ओतू लागली. स्तेफानने कप पुढे केला.

“आईसारखाच अर्धा भरतेस,” तो म्हणाला.

“तू आईच्या वेळेपासून सांडतोस म्हणून.”

नवीन नायकाचं नाव ठेवायची वेळ आली. दोन्ही कप्तान एकदमच म्हणाले, गुडरून. चौकटीत ते बरोबर मावलं. चर्चा नाही, दुरुस्ती नाही, आठ हात वर. लिलियनने वहीत ‘एकमताने’ असं लिहिलं आणि त्या शब्दाकडे ती जरा संशयाने बघत राहिली. सगळेच अवघडून बसले होते, काहीतरी चुकल्यासारखे.

मग पहिल्या शेकोटीपाशी पहिला गुण वाढवायचा प्रश्न आला. बोर्गार उठून उभा राहिला आणि म्हणाला, ओझं. विलो क्रीकचा एक जण म्हणाला, विरोध. मतदान झालं, चार विरुद्ध चार. लिलियनने नवं पान उलटलं, सिग्रूनने किटली पुन्हा चुलीवर ठेवली आणि आठही जण खुर्च्या पुढे ओढून निवांत बसले.